माझं, मनं, मेउ: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'आपला' ह्या एका शब्दावर अर्धं पान लिहिलं होतं, की मराठीत आपला म्हणजे तुमचा-आमचा मिळून पण होतो आणि स्वतःचा पण होतो. त्यावर इतके मेसेज आले की ह्या वेळचं सगळं पान माझं-तुझं-त्याचं ह्यालाच देऊन टाकलंय. पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडची आहेत. नावं छापत नाही, गाव तेवढं लिहितो. लॅटिन म्हणजे जुन्या रोमन लोकांची भाषा, आणि रोमानियन ही तिचीच एक पोर. ह्या दोन्हींचे शब्द आपल्या अक्षरात जमेल तसे लिहिलेत, जसे दिसतात तसेच वाचा, काम चालतं.

प्रश्न (चोपडा, एक ताई): माझा मुलगा रोमानियात क्लुज शहराजवळ एका कारखान्यात कामाला आहे. तिथली भाषा शिकतोय आणि रोज रात्री फोनवर मला पण दोन शब्द शिकवतो. 'कासा म्या' म्हणजे माझं घर. पण माझा एक मित्र म्हणायचं असलं की 'उन प्रिएतेन आल मेउ', मध्येच हे 'आल' येतं. तो कधी लावतो कधी विसरतो आणि सोबतचे लोक त्याला सारखं सुधारतात. हे आल कधी लावायचं? आणि 'म्या' ऐकलं की मला माझी आजी आठवते, ती 'म्या केलं, म्या सांगितलं' असंच बोलायची. हा योगायोग का?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकरू तिकडे शब्द शिकतंय आणि आई इकडे त्याच्यासोबत शिकतेय, ह्याच्यापेक्षा चांगली शाळा कुठली असणार.

आधी आल. रोमानियन भाषेत 'ते ठरलेलं, ओळखीचं' असं दाखवायचं चिन्ह शब्दाच्या शेवटी चिकटतं. घर म्हणजे कासअ, पण ते ठरलेलं घर म्हणजे कासा. मित्र म्हणजे प्रिएतेन, तो ठरलेला मित्र म्हणजे प्रिएतेनुल. ह्या शेवटच्या तुकड्याला आपण पदर म्हणू. आता माझा-तुझा हे शब्द त्या भाषेत नावाच्या मागे चालतात, आपल्यासारखे पुढे नाही, आणि लहान पोरासारखं त्यांना नावाचा पदर हातात लागतो. पदर आहे आणि अगदी हाताशी आहे तर दुसरं काही नको, कासा म्या, प्रिएतेनुल मेउ, झालं. पण 'एक मित्र' म्हटलं की प्रिएतेन उघडा राहिला, त्याला पदरच नाही, मग मेउला धरायला आल येतं, उन प्रिएतेन आल मेउ. पदर आहे पण मध्ये दुसरा शब्द घुसला तरी तेच, 'कासा नोउअ आ लुइ', त्याचं नवं घर. कासाला पदर आहे पण मध्ये नोउअ म्हणजे नवं येऊन बसलं ना. आणि तिसरी जागा म्हणजे 'हे घर माझं आहे' असं सांगताना, कासा ये आ म्या, इथे पण मध्ये 'आहे' आलं. कुणी विचारलं हे कुणाचं आणि उत्तरात नुसतं 'माझं' म्हणायचं, तरी 'आ म्या' म्हणायचं, एकटं म्या तिथे उभं राहत नाही.

हे आल पण बदलतं बरं का, आपल्या चा-ची-चे सारखंच. पुरुषी एक असेल तर आल मेउ, बायकी एक असेल तर आ म्या, पुरुषी अनेक आय मेय, बायकी अनेक आले मेले. मुलाला सांगा की 'मेले' ऐकून दचकू नको, आणि 'तुझी' चं अनेकवचन 'ताले' तसं 'त्याची-तिची' चं 'साले' होतं, कुणी शिवी देत नाहीये. नपुंसकलिंग तिथे पण आहे पण त्याची गंमत अशी की एक असताना ते पुरुषी चालतं आणि अनेक झाले की बायकी. खुर्ची म्हणजे स्काउन, माझी खुर्ची स्काउनुल मेउ, माझ्या खुर्च्या स्काउनेले मेले. आपल्या मराठी पोराला हे लिंगाचं प्रकरण अवघड जात नाही कारण माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर हे आपण न शिकता शिकलो. जी वस्तू आपली आहे तिच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलायचा, मालकाच्या नाही. इंग्रजीत उलटं आहे, तिथे मालक बाई की पुरुष एवढंच बघतात. म्हणून इंग्रजीच्या वाटेने रोमानियन शिकायला गेला तर अडकेल, मराठीच्या वाटेने गेला तर चालत जाईल, हे त्याला माझ्यातर्फे नक्की सांगा.

एक सुंदर गोष्ट खास तुमच्यासाठी. घरातल्या माणसांसाठी त्या भाषेत एक जवळचं रूप आहे, तिथे पदर पण लागत नाही आणि आल पण नाही. बहीण 'सोर', माझी बहीण 'सोर-म्या'. भाऊ 'फ्राते-मेउ'. आणि आईला मायेने 'मायक' म्हणतात, माझी आई 'मायक-म्या'. दोन शब्द एक होऊन जातात, मधली फट पण राहत नाही. हे फक्त नात्यांच्या शब्दांना चालतं, घराला, शेताला, गाडीला नाही.

आता आजीचं म्या. आजीचं म्या हे संस्कृत 'मया' वरून आलं, 'माझ्याकडून, मी' अशा अर्थाचं, म्हणून ते 'म्या केलं' असंच येतं. रोमानियन म्या हे लॅटिनच्या 'मेआ' वरून आलं, त्याचा अर्थ माझी. म्हणजे मूळ शब्द वेगळा, काम वेगळं, पण दोन्हीतला म एकाच घरचा आहे. संस्कृत आणि लॅटिन ह्या लांबच्या बहिणी, आणि स्वतःबद्दल बोलताना म वापरायचा हे दोघींनी एकाच जुन्या घरातून नेलं. आणि ताई, मुलाला भूक लागली तर तो 'म्ये फ्वामे' म्हणेल, शब्दाला शब्द लावला तर 'मला आहे भूक'. इंग्रजीसारखं 'मी भुकेला आहे' नाही, आपल्यासारखंच मला. हे 'मला' वाचक रूप लॅटिनच्या 'मिही' मधून आलं, आणि त्या मिहीची सख्खी चुलत बहीण संस्कृतात 'मह्यम्', तिच्यापासून आपला माझा झाला, ते खाली जळगावच्या पत्रात येतंय, तेही वाचा.

अजून एक, मुलाला मेसेज लिहिताना उपयोगी पडेल. लॅटिनमध्ये हाक मारताना 'माझा' चं वेगळंच रूप व्हायचं, 'मी'. 'मी फिली' म्हणजे 'बाळा माझ्या'. रोमन लोक पत्रात असं लिहायचे. माझा-तुझा-त्याचा ह्या शब्दांत हाकेचं असं वेगळं रूप फक्त 'माझा' ला होतं.

प्रश्न (धुळे, एक वकील): कोर्टात आम्ही रोज 'सुमोटो' म्हणतो, पेपरात पण येतं 'न्यायालयाने सुमोटो दखल घेतली'. हे लॅटिन आहे एवढं माहीत आहे. त्यातला 'सुओ' म्हणजे नक्की काय? आणि ते आपल्या 'स्व' सारखं ऐकू येतं, त्याचं नातं आहे की माझं मन खेळ करतंय?

उत्तर: वकील साहेब, मन खेळ करत नाहीये, तुमचा कान बरोबर आहे. नातं आहे आणि सख्खं आहे.

शब्द आहे सुओ मोतू. मोतुस म्हणजे हालचाल, आणि सुउस म्हणजे स्वतःचा. दोघांना 'पासून, ने' अशा अर्थाची विभक्ती लागली की सुओ मोतू, 'स्वतःच्या हालचालीने', कुणी अर्ज न करता. आता आपण त्याचं मराठी काय करतो, 'स्वतःहून दखल घेतली'. ह्या स्वतःहून मधला 'स्वतः' बघा, संस्कृत स्व आणि त्याला 'तः' लागलाय, तः म्हणजे पासून. म्हणजे लॅटिनवाल्यांनी जे विभक्ती लावून केलं तेच संस्कृतवाल्यांनी तः लावून केलं आणि धातू तर एकच. लॅटिनचं जुनं रूप 'सोवोस' असं होतं, जुन्या शिलालेखांत सापडतं, त्याच्या बाजूला आपला 'स्व' ठेवला की तोंडवळा लगेच ओळखू येतो. रशियनमध्ये 'स्वोय', लिथुआनियात 'सावास', सगळे ह्याच घरचे. आपण 'सुमोटोने स्वतःहून दखल' असं एका वाक्यात लिहितो तेव्हा एकच शब्द दोनदा लिहितो, दोन हजार वर्षांचा फेरा मारून आलेला.

आणि लॅटिनमध्ये पण लिंग वस्तूचंच, म्हणून गंमत बघा. आपल्याकडे सुओ मोतू म्हणतात, अमेरिकेतल्या कोर्टात नेमक्या त्याच अर्थाने 'सुआ स्पोन्ते' म्हणतात. मोतुस पुल्लिंगी म्हणून सुओ, स्पोन्ते स्त्रीलिंगी म्हणून सुआ. आपण स्वतःचा विचार आणि स्वतःची इच्छा म्हणतो तसंच.

पण वकिलाला खरी कामाची गोष्ट वेगळी आहे. लॅटिनमध्ये 'त्याचा' ला दोन शब्द होते. एक सुउस, म्हणजे वाक्यात जो करणारा आहे त्याचाच. दुसरा 'एयुस', म्हणजे दुसऱ्या कुणाचा. आपल्याकडे शेतजमिनीच्या किती केसेस चालतात ते तुम्हाला सांगायला नको, त्यातलंच वाक्य घेऊ. 'भावाने आपलं शेत विकलं' आणि 'भावाने त्याचं शेत विकलं'. पहिल्यात शंका नाही, सातबारा त्याच्याच नावावर. दुसरं वाक्य साक्षीदाराने म्हटलं तर समोरचा वकील लगेच उभा राहून विचारणार, त्याचं म्हणजे कुणाचं? लॅटिनमध्ये 'फ्रातेर आग्रुम सुउम वेन्दिदित' म्हटलं की स्वतःचं विकलं, 'फ्रातेर आग्रुम एयुस वेन्दिदित' म्हटलं की दुसऱ्याचं विकलं, भांडणच संपलं. एक फरक लक्षात ठेवायचा, आपला 'आपला' सगळ्यांना चालतो, मी आपलं काम केलं, तू आपलं काम कर, त्याने आपलं काम केलं. संस्कृत स्व पण तसाच, रशियन स्वोय पण तसाच. लॅटिन सुउस मात्र फक्त तिसऱ्या माणसाला, मी म्हणताना मेउस, तू म्हणताना तुउसच लागायचा.

ही इतकी चांगली सोय रोमानियनपर्यंत पोचता पोचता विस्कटली. बोलीतल्या लॅटिनमध्ये लोक सुउस आणि एयुस मिसळायला लागले, एयुस मागे पडत पडत गेला आणि सुउसचं जे झालं ते रोमानियनमध्ये 'सउ', बायकी 'सा'. आता सउ म्हणजे स्वतःचा पण आणि दुसऱ्याचा पण, काही कळत नाही. म्हणून लोक बोलताना जास्त करून 'लुइ' म्हणजे त्याचा आणि 'येय' म्हणजे तिचा हे वापरतात, ते लॅटिनच्या 'तो' वाचक 'इल्ले' च्या घरातून आले. ह्यांचं रूप वस्तूप्रमाणे बदलत नाही, मालक बाप्या की बाई तेवढंच दाखवतात. त्यांचा म्हणजे 'लोर', लॅटिनचं 'इल्लोरुम'. इटालियनचं लोरो आणि फ्रेंचचं लर पण तेच. आपली मराठी ह्या बाबतीत श्रीमंत आहे असं मला मनापासून वाटतं, कारण 'तिचा भाऊ' आणि 'त्याची बहीण' मध्ये आपण मालकाचं लिंग पण सांगतो आणि वस्तूचं पण सांगतो, एकाच शब्दात दोन्ही.

मग रोमानियन माणूस शेताचा प्रश्न सोडवतो कसा? तो मालकी 'चा' वरून काढून 'ला' वर नेतो. 'फ्रातेले श्या वन्दुत पमन्तुल', शब्दाला शब्द 'भावाने स्वतःला जमीन विकली', पण अर्थ भावाने स्वतःची जमीन विकली. तो 'श्या' मधला श म्हणजे लॅटिनचं 'सिबी', स्वतःला, तो पण आपल्या स्व च्याच घरचा. एक दार बंद झालं तर भाषेने मागच्या अंगणातून वाट काढली.

जाता जाता एक, कोर्टाशीच जोडलेलं. सम्राट जस्टिनियनने 533 साली कायद्याचं पुस्तक काढलं, प्रस्तावना सोडली तर त्याच्या अगदी पहिल्या वाक्यात न्यायाची व्याख्या आहे आणि तिचा गाभा हे दोन शब्द, 'सुउम कुइक्वे'. ह्याचं मराठी आपल्या तोंडात आधीपासूनच आहे, 'ज्याचं त्याला'. व्याकरण बघायचं तर इथला सुउम हा वाक्याच्या कर्त्याचा नाही, तो कुइक्वे चा, ज्याला मिळायचं त्याचा. पाठ्यपुस्तकातला नियम सांगतो सुउस कर्त्याकडे जातो, आणि कायद्याचं सगळ्यात मोठं वाक्यच तो नियम वाकवून उभं आहे.

प्रश्न (जळगाव, एमए मराठीची विद्यार्थिनी): आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाला सांगितलं की लॅटिन तुउस, सुउस पासून रोमानियन तउ, सउ आले. पण तुउस मधल्या 'उ' चा 'अ' कसा झाला ते पटत नाही. इटालियनमध्ये तर तुओ, सुओ असं सरळ राहिलंय. परीक्षेला येईल का माहीत नाही, पण झोप लागत नाहीये.

उत्तर: झोप लागत नाही असा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. तुझी शंका एकदम बरोबर आहे, तुउस पासून तउ सरळ रस्त्याने येत नाही. मध्ये एक माणूस भेटला आणि त्याने तुउसला वळवलं. तो माणूस म्हणजे मेउस, 'माझा'.

बघ कसं. लॅटिन मेउस चं रोमानियन मेउ झालं, हे सरळ आहे. देउस म्हणजे देव, त्याचं तिथे 'झेउ' झालं, शेवटचा एउ जसाच्या तसा. आता माणूस दिवसभर माझं-तुझं माझं-तुझं करत असतो, हे शब्द कायम जोडीने बाहेर पडतात, आणि जोडीत ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला आपल्यासारखं करून घेतो. पूर्वेकडच्या बोलीतल्या लॅटिनने मेउस बघून तुउसचं 'तेउस' केलं, सुउसचं 'सेउस' केलं. त्या तेउस-सेउस मधून तउ आणि सउ आले. म्हणजे तउ मधला अ हा उ चा नाही, मेउस कडून उसन्या आणलेल्या ए चा आहे. इटालियनने ही उसनवारी केली नाही म्हणून तिथे तुओ राहिला.

हे मी मनाने जुळवतोय असं वाटू नये म्हणून फ्रेंच बघ. जुन्या फ्रेंचमध्ये माझा 'मिएन' होता आणि तुझा 'तुएन', त्याचा 'सुएन'. नंतर काय झालं, मिएनच्या मागे जाऊन तिएन आणि सिएन. रोमानिया कुठे, फ्रान्स कुठे, दोघांचा एकमेकांना पत्ता नसताना दोन्हीकडे माझा ने तुझा ला ओढलं. आणि अनेकवचनात पण तेच, पुस्तकी लॅटिनमध्ये आमचा 'नोस्तेर' आणि तुमचा 'वेस्तेर', पण बोलीत नोस्तेरच्या सोबतीने 'वोस्तेर' चालायचा, जुन्या नाटकांत तो आहेच. आजच्या सगळ्या पोरी-भाषांनी तो वोस्तेरच उचलला, रोमानियन नोस्त्रु-वोस्त्रु, इटालियन नोस्त्रो-वोस्त्रो.

आता पुस्तक बंद कर आणि आपल्या मराठीकडे बघ, कारण खरा पुरावा तुझ्या तोंडात आहे. संस्कृतात 'मला' म्हणजे मह्यम्, 'तुला' म्हणजे तुभ्यम्. दोघांत साम्य काय, शेवटचा यम् सोडला तर काही नाही, एकात ह्य आहे, एकात भ्य. प्राकृतात ह्य चा ज्झ झाला आणि मह्यम् चं 'मज्झ' झालं, ते बरोबर. पण तुभ्यम् मधल्या भ्य चा ज्झ व्हायचं काही कारणच नव्हतं. झालं मात्र 'तुज्झ'. का? मज्झ ने ओढलं म्हणून! त्या मज्झ चा आपला माझा आणि मज, त्या तुज्झ चा आपला तुझा आणि तुज. म्हणजे आज आपण 'तुझा' म्हणतो त्यातला झ हा तुझा नाहीच, तो 'माझा' कडून आलाय. तापीकाठी बसून तू जे रोज बोलतेस तेच कार्पेथियन डोंगरांत झालं, फ्रान्समध्ये झालं. तास संपल्यावर सरांना हे जरूर सांग, त्यांना आनंदच होईल.

आणि जुना 'तव' आठवतो ना, प्रार्थनेतला, कवितेतला? लॅटिन तुउसचं जुनं रूप होतं 'तोवोस'. तव आणि तोवोस, एकाच आईचे. आपण तव मागे ठेवून तुज्झ धरला. आपल्याकडे तो फक्त देवघरात आणि कवितेत उरला, इटलीत तो तुओ होऊन रस्त्यावर फिरतोय.

परीक्षेसाठी सनावळी हवी असेल तर एवढी पुरे. रोमन सम्राट ट्राजनने 106 साली दाकिया म्हणजे आजच्या रोमानियाचा भाग जिंकला तेव्हा लॅटिन त्या भागात कायमची बसली, पुढच्या ऑरेलियन सम्राटाच्या काळात म्हणजे 270 नंतरच्या चार-पाच वर्षांत रोमन सैन्य तिथून निघालं, आणि रोमानियन भाषेतला साल नक्की ठरलेला सगळ्यात जुना टिकलेला लेख म्हणजे 1521 सालचं एक पत्र, कम्पुलुंगच्या नेआक्शु नावाच्या माणसाने लिहिलेलं, ते पण सिरिलिक लिपीत. मधल्या साडेबाराशे वर्षांत ह्या शब्दांनी जे रूप बदललं ते कुणी लिहून ठेवलं नाही, ते असं बहिणी-बहिणींना शेजारी बसवूनच काढावं लागतं.

प्रश्न (साक्री, एक प्राथमिक शिक्षक): वर्गातली पोरं अहिराणी बोलतात. 'मनी माय', 'तुना भाऊ', 'हाई मनं घर शे'. वहीत पण तसंच लिहितात. मी तांबड्या पेनाने माझी, तुझा, माझं करतो. परवा एका पोराने विचारलं, गुरुजी, मनं चूक कसं? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: गुरुजी, पोराने तुम्हाला फार मोठा प्रश्न विचारला आणि तुम्ही तो मनात धरून पत्र लिहिलंत, तुम्हाला मनापासून नमस्कार. मनं चूक नाहीये. प्रमाण मराठीच्या पेपरात माझं लिहायचं, हे शिकवायचंच, पण चूक म्हणायचं नाही, 'अहिराणीत मनं, पुस्तकात माझं' असं म्हणायचं. तांबडं पेन ठेवून पेन्सिलीने बाजूला लिहिलं तरी पुरे.

मना-मनी-मनं बघा, लिंग-वचन सगळं नियमात चालतं. माय साठी मनी, बाप साठी मना, घर साठी मनं. तुना-तुनी-तुनं, आमना, तुमना, सगळे एका साच्यातले. शेजारच्या गुजरातीत ना-नी-नुं आहे, त्याची सोबत कानाला लगेच कळते. उलट माझा-तुझा एका साच्यात आणि आमचा-तुमचा दुसऱ्या साच्यात, असे दोन साचे प्रमाण मराठीत आहेत. अहिराणीत मना ते तुमना एकच ना. साच्याच्या बाबतीत तुमच्या वर्गातल्या पोराची भाषा पुस्तकापेक्षा सरळ आहे, हे त्याला खुशाल सांगा.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो, खास त्या पोरासाठी. लॅटिनमध्ये 'कुणाचा' ला एक शब्द होता कुयुस, तो बदलायचा नाही, कुणाचा भाऊ कुणाची बहीण सगळ्याला कुयुस. पण बोलीत लोक त्याला माझा-तुझा सारखं लिंग लावायचे, कुयुस-कुया-कुयुम, अगदी आपलं कोना-कोनी-कोनं. व्हर्जिल म्हणजे रोमचा सगळ्यात मोठा कवी, त्याने मेंढपाळांच्या कविता लिहिल्या, त्यातल्या तिसऱ्या कवितेत एक मेंढपाळ दुसऱ्याला पहिल्याच ओळीत विचारतो, 'कुयुम पेकुस?', कुणाचं खिल्लार हे? त्या कुयुम वरून तेव्हा त्याची टिंगल झाली. एकाने विडंबन केलं, की बाबा कुयुम पेकुस हे लॅटिन तरी आहे का, असं तर खेड्यात बोलतात.

दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे. रोमच्या सगळ्यात मोठ्या कवीच्या वहीवर पण कुणीतरी तांबडं पेन चालवलं. आणि पुढे काय झालं बघा, टिंगल करणाऱ्याचं नाव फक्त अभ्यासकांना माहीत आहे, पण तो खेड्यातला कुयुस-कुया आजही जिवंत आहे, स्पॅनिश भाषेत 'कुयो, कुया' म्हणून, ज्याचा-ज्याची ह्या अर्थाने, आणि तो आता तिथे पुस्तकी शब्द समजला जातो, बोलताना लोक कमी वापरतात आणि लिहिताना मुद्दाम वापरतात. गावातला शब्द पुस्तकात जाऊन बसला.

वर्गात हे शिकवायचं तर एक करून बघा, मी आमच्या घरचं सांगतो. आमच्याकडे लग्नकार्याला, कानबाईच्या रोटांना भांडी गल्लीभर फिरायची, परात एकीची, पातेलं दुसरीचं, हंडा तिसरीचा. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळी घासून उपडी मांडलेली असायची आणि माझी आजी एकेक उचलून सुलटं करायची, काठाजवळ टिकल्या-टिकल्यांनी कोरलेलं नाव बोटाने चाचपायची, तिला वाचता यायचं नाही, पण ठोक्यांवरून ओळखायची, आणि गल्लीत ओरडायची, 'हाई कोनं शे?' समोरच्या दारातून आवाज यायचा, 'मनं शे वं माय!' रोमन लोकांच्या खापराच्या वाट्या-ताटल्या जिथे जिथे खणताना सापडतात तिथे त्यांच्या बुडाशी असंच टोकदार वस्तूने ओरखडून नाव लिहिलेलं सापडतं, आणि ते नाव बहुतेक वेळा षष्ठीत असतं, मार्कुस नाही तर 'मार्की', मार्कुसचं. सैन्याच्या बराकीत सगळ्यांच्या वाट्या सारख्याच, मग करणार काय. आपल्या भांड्यावर नुसतं नाव असतं, 'चं' कोरत नाही, ते आपण तोंडाने लावतो.

पोरांना सांगा घरून एकेक भांड्यावरचं नाव वहीत उतरवून आणा, आणि त्याच्यापुढे आधी अहिराणीत आणि मग पुस्तकी मराठीत लिहा की ते कोनं शे. दोन रकाने होतील. त्यातला पहिला तुम्ही तपासू नका, तो पोरांनाच तुम्हाला तपासून दाखवू द्या, ना-नी-नं कुठे लागतं ते त्यांना पक्कं माहीत आहे.